सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी : दवाखान्यातला वेळ नक्की जातो कुठे?

दवाखानावाली

नमस्कार मंडळी. लिहायचं बरंच आहे, चहा घेऊन बसा.

आमचा दवाखाना पश्चिम महाराष्ट्रात, तालुक्याच्या गावी. डॉक्टर (म्हणजे आमचे हे) एमडी मेडिसिन. पण तालुक्यात एमडी असला तरी सर्दी-पडशापासून विंचूदंशापर्यंत सगळं बघावं लागतं. रोजचे साठ-सत्तर पेशंट, बाजाराच्या दिवशी शंभराच्या घरात. मी पूर्वी बँकेत होते. आता काउंटर, हिशेब आणि स्टाफ सांभाळते. संध्याकाळची ओपीडी नऊला आटपायला हवी, ती साडेदहा-अकरापर्यंत रेंगाळते. त्यामुळे आता कॉम्प्युटर आणायचाच असं ठरतंय. सॉफ्टवेअर विकणारे तर औषध कंपन्यांच्या एमआरसारखे दारात उभेच असतात. सगळ्यांचं पालुपद एकच: डॉक्टरांनी केस टाइप केली की वेळ वाचेल.

मला ते काही पटेना. म्हणून काउंटरवर एक वही ठेवली आणि पेशंट दारातून आत आल्यापासून चिठ्ठी घेऊन बाहेर पडेपर्यंत कुठे किती मिनिटं जातात ते टिपत गेले. (बँकेत टोकन घेऊन ताटकळणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे नजर तयार आहे.)

निष्कर्ष असा की डॉक्टरांच्या लिहिण्याला वेळ लागतच नाही. चिठ्ठी मिनिटभराच्या आत होते. वेळ खातो तो जुना केसपेपर. आमचे केसपेपर आडनावाच्या अक्षराने लावलेत आणि आमच्या भागात पाटील, जाधव, शिंदे, माने एवढ्यांतच अर्धा तालुका संपतो. त्यात बाई पहिल्यांदा आली माहेरच्या नावाने, आता आली सासरच्या. कंपाउंडर कपाटात डोकं घालून बसतो आणि आत डॉक्टर रिकामे. नाहीतर कंटाळून नवा केसपेपर काढला जातो, की झाली मागच्या शुगरची बोंब.

त्यानंतर रिपोर्ट. पेशंट आत जाऊन बसतो आणि मग पिशवी उघडतो. तीत रेशनकार्डाची झेरॉक्स निघते, एक्स-रे निघतो, तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या निघतात. हवा असलेला रिपोर्ट मुलाच्या मोबाईलमध्ये, आणि मुलगा बाहेर गाडी लावतोय.

फी आणि सुटे पैसे हे एक. फोन हे दुसरं, "कितवा नंबर चालू आहे?" एवढंच विचारायला दिवसभर वाजत असतो. आणि चिठ्ठी घेऊन बाहेर गेलेला माणूस परत आत येतो, "डॉक्टर, ही पांढरी जेवणाआधी का नंतर?"

तर प्रश्न असा: डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधे कॉम्प्युटर न आणता यातलं काय काय सुटेल? कोणी केलं असेल तर सांगा. "अमुक कंपनी बेस्ट आहे" एवढंच लिहू नका, ते फोनवर रोज ऐकते.

कोडगा

ताई, वही ठेवलीत तिथेच निम्मं काम झालं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात लाखो रुपये घेऊन लोक हेच करतात आणि वर पॉवरपॉइंट दाखवतात.

केसपेपर कागदाचेच राहू देत. फक्त आडनावाने लावणं बंद करा. प्रत्येक केसपेपरला चढत्या क्रमाने नंबर द्या आणि कपाटात त्याच क्रमाने लावा. कॉम्प्युटरमध्ये फक्त पाच रकाने: नंबर, नाव, वय, गाव, मोबाईल. साधी एक्सेल शीट पुरते. पेशंटने मोबाईलचे शेवटचे चार आकडे सांगितले की नंबर समोर. जुने केसपेपर एकदम भरत बसू नका. जो पेशंट येईल त्याचा त्या दिवशी नंबर पाडायचा. नेहमीचे पेशंट आपोआप लवकर भरले जातात, आणि जो कधी येणारच नाही त्याच्यावर मेहनत होत नाही.

दवाखानावाली

@कोडगा, भारी आहे हे. पण आमच्याकडे घरात फोन एक आणि माणसं सात.

कोडगा

मग तर उत्तमच. तो फोन म्हणजे घराचा नंबर. १२४० हे घर, १२४०-१ आजोबा, १२४०-२ आजी. सगळ्या घराचे केसपेपर एका पाकिटात. एका घरात दोघांना बीपी असेल तर डॉक्टरांना ते विचारावं न लागता दिसेल.

फक्त लग्न होऊन गेलेली मुलगी आणि वेगळी चूल मांडलेला भाऊ यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, एक्सेलला भाऊबंदकी कळत नाही.

मिरजकर

मी निवृत्त फिजिशियन. कागदाची बाजू घेणारं कोणीतरी हवं म्हणून लिहितो.

माझ्या केसपेपरवर डाव्या समासात वजन, उजव्या समासात बीपी, आणि पेनिसिलिन किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने फुली. कागद हातात घेतला की तीन वर्षांचं वजन एका नजरेत उतरताना दिसायचं. पेशंटने तोंड उघडण्याआधी शुगर नाहीतर टीबी डोक्यात यायचा. नव्या मुलांच्या दवाखान्यात पाहतो, पडद्यावर एका वेळी एकच भेट दिसते. मागचं बघायला चार ठिकाणी क्लिक. साठ पेशंट असताना कोण करतो क्लिक? मग मागचं न बघताच औषध जातं.

घेणारच असाल तर विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा: जुन्या पेशंटचं नाव टाकलं की पहिल्याच पडद्यावर वजन, बीपी, शुगर यांचा चढउतार आणि अ‍ॅलर्जी दिसते का. "ते रिपोर्ट सेक्शनमध्ये आहे सर" असं म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

वेटिंगरूम

मी पेशंटांच्या बाजूचा. आईला घेऊन दर महिन्याला एका स्पेशालिस्टकडे जावं लागतं. अपॉइंटमेंट साडेपाचची, नंबर लागतो पावणेआठला. राग उशिराचा नाही येत, इमर्जन्सी येतात, समजतं. राग येतो तो "बसा, येईलच नंबर" याचा. किती पुढे आहेत एवढं घरबसल्या कळलं तरी आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसावं लागणार नाही. गुडघे दाखवायला जातो हो आम्ही.

आणि एक. डॉक्टर पूर्वी आईकडे बघून बोलायचे, आता स्क्रीनकडे बघून बोलतात. आई घरी येऊन म्हणते, "त्यांनी बघितलंच नाही मला."

ओहायोकर

इथे अमेरिकेत इंटर्निस्ट (म्हणजे फिजिशियनच) आहे, शिक्षण सोलापूरला. मिरजकर सरांना दंडवत.

आमच्याकडे २००९ च्या कायद्याने सरकारने पैसे देऊन सगळ्यांना इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डवर आणलं. फायदा खरोखर आहे: पेशंट बेशुद्ध आला तरी त्याची औषधं, अ‍ॅलर्जी, मागचा ईसीजी समोर असतो. पण त्यातला मोठा भाग बिलासाठी लिहिला जातो, उपचारासाठी नाही. दिवसभर पेशंट बघायचे आणि रात्री मुलं झोपली की लॅपटॉप उघडून राहिलेल्या नोट्स लिहायच्या, हे इथल्या बहुतेक डॉक्टरांचं आयुष्य आहे. त्यात एप्रिल २०२१ पासून नियमाप्रमाणे रिपोर्ट तयार झाला की पेशंटला लगेच पोर्टलवर दिसतो. तत्त्व म्हणून योग्यच, रिपोर्ट त्याचाच आहे. पण मी बघायच्या आत त्याने बघितलेला असतो आणि "एमसीव्ही (रक्ताच्या रिपोर्टमधला एक आकडा) दोनने जास्त आहे, कॅन्सर आहे का?" असा मेसेज येऊन पडलेला असतो. संध्याकाळी इनबॉक्स उपसत बसायचं.

ताई, तुम्ही "डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधे न आणता" ही जी अट घातलीय ती सोडू नका. मशीन काउंटरवर ठेवा, डॉक्टरांच्या टेबलावर सगळ्यात शेवटी.

खोडसाळ

आता एआय आहे की. खोलीतलं बोलणं ऐकतं आणि नोट लिहून देतं. टायपिंगची कटकटच संपली.

ओहायोकर

हो, मी वापरतो. पेशंटची परवानगी घेऊन फोन टेबलावर ठेवायचा, शेवटी मसुदा तयार मिळतो, तो वाचून सही करायची. रात्रीचं काम खरंच कमी झालं. पण माझ्या खोलीत एक पेशंट आणि एक भाषा असते.

खोडरबर

मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ. मीही असलं एक वापरून पाहिलं. आपल्याकडे सून पेशंट असते आणि बोलते सासू. "हिला महिनाभर खाज सुटतीये, माझंही अंग खाजतंय पण माझं जाऊ दे." मशीनने सासूची खाज सुनेच्या नावावर चढवली. नवरा मधेच हिंदीत फोनवर. खरूजेत घरातल्या कोणाकोणाला खाज आहे हाच तर महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचाच काला! मसुदा दुरुस्त करण्यापेक्षा दोन ओळी हाताने लिहिणं परवडलं. एकट्या आलेल्या पेशंटला मात्र चांगलं चालतं.

मला फायदा झाला तो भलत्याच ठिकाणी: फेरतपासणीत. मुरुम, सोरायसिस, केस गळणे हे पेशंट वर्षानुवर्षं चालतात. जुन्या पेशंटची ठरलेली फेरतपासणी आता मी व्हिडिओवर घेतो, त्यासाठी दुपारचा एक तास वेगळा ठेवलाय. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात हे नीट लिहिलंय. त्याच तक्रारीसाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष पाहिलेला पेशंट फेरतपासणीत धरता येतो. चिठ्ठीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. शेड्यूल एक्स (कडक निर्बंधांची यादी) आणि नार्कोटिकची औषधं अशी देता येत नाहीत, पेशंट कितीही ओळखीचा असो.

एक सावधगिरी, हे कोणी सांगत नाही. मी आधीचं सॉफ्टवेअर सोडलं तेव्हा माझ्याच पेशंटची माहिती परत द्यायला कंपनीने पैसे मागितले, आणि दिली ती हजारो पीडीएफच्या रूपात. करार करण्याआधी दहा खोटे पेशंट भरा आणि "सगळं एक्सेलमध्ये काढून दाखवा" म्हणा. सह्या त्यानंतर.

औषधवाला

मेडिकल स्टोअरवाल्याचेही दोन शब्द. छापील चिठ्ठी आली की आम्ही देवाचे आभार मानतो. औषधाचं जेनेरिक नाव, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा असं वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्येच सांगितलंय. किती जण पाळतात ते काउंटरच्या या बाजूला उभं राहून बघा.

पण छापील चिठ्ठीतली चूकही सुवाच्य असते. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीत एम, ई, टी ही तीन अक्षरं दाबली की यादी उघडते: मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडाझोल, मेथोट्रेक्सेट. शुगर, बीपी, जुलाब आणि संधिवात, सगळे एकाखाली एक. घाईत बोट एक ओळ खाली गेलं की संपलं. त्यातलं मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, रोज घेतलं तर माणूस जातो. हाताच्या अक्षरात शंका आली की आम्ही फोन करून विचारतो. छापील बघितलं की पोरगा निमूट काढून देतो.

डॉक्टरसाहेबांना सांगा, मेथोट्रेक्सेटसारखी औषधं त्या झटपट यादीतून काढून टाका. पूर्ण नाव टाइप केल्याशिवाय येऊच नये. आणि आजाराचं नाव चिठ्ठीवर छापा. "मधुमेह" लिहिलंय आणि खाली मेट्रोनिडाझोल, तर माझा दहावी पास पोरगाही थबकेल.

मिरजकर

@औषधवाला, शेवटची सूचना सोन्यासारखी. आजाराचं नाव लिहायला फक्त गुप्तरोग, मानसिक आजार यात पेशंटला विचारावं. गावात चिठ्ठी चार हातांतून जाते.

नळी_आणि_सुई

आमची लॅब आहे. ताई, तुमचा रिपोर्टचा घोळ लॅबच्या बाजूने सुटतो. दवाखान्याचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप नंबर घ्या, डॉक्टरांचा खाजगी नको. लॅबच्या फॉर्मवर "रिपोर्ट डॉक्टरांना परस्पर पाठवावा" अशी ओळ आणि पेशंटची सही. मग पीडीएफ पेशंटला जाते तशी तुमच्या काउंटरवरही येते, आणि नंबर लागायच्या आधी केसपेपरवर चढते. फाइलचं नाव केसपेपर नंबर आणि तारीख असं ठेवायचं आम्हाला सांगा, करतो. सगळ्या लॅबच्या फाइली "रिपोर्ट" याच नावाने येतात, मग शोधा.

आमच्याकडे मोठा फरक पडला तो बारकोडने. रक्त काढल्यावर तिथेच नळीला स्टिकर, मशीन ते वाचतं आणि आकडा थेट रिपोर्टमध्ये. हाताने आकडे उतरवणं बंद. पूर्वी सकाळच्या गर्दीत फास्टिंगच्या करड्या टोपणाच्या नळ्यांवर मार्करने नावं लिहायची आणि ओल्या हाताने ती पुसली जायची.

कायद्याचं_बोला

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट वाचून राहवलं नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. छोटा दवाखाना म्हणून सुटका नाही. माहिती कशासाठी घेतली ते सांगा, तेवढ्यासाठीच वापरा, सांभाळा. काउंटरचा फोन घरी जाता कामा नये, त्याला पासवर्ड हवा आणि नोकरी सोडून गेलेल्या मुलीच्या मोबाईलवर लॉगिन राहता कामा नये.

दुसऱ्या बाजूने, नोंदी नसणं हेही अंगाशी येतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत भरती पेशंटच्या नोंदी तीन वर्षं ठेवा, मागितल्या तर ७२ तासांत द्या असं आहे. नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून संगणकावर आणायचा प्रयत्न करा, हेसुद्धा तिथेच लिहिलंय. २००२ साली!

दवाखानावाली

सगळ्यांचे आभार, डॉक्टरांना रात्री वाचून दाखवते (ते "हं" म्हणतात).

@वेटिंगरूम, वेळ देऊन अपॉइंटमेंट आमच्याकडे चालत नाही. आमचे पेशंट एसटीने येतात. साडेदहाची गाडी आली की एकदम पंधरा माणसं उतरतात, आणि त्यांना साडेबाराच्या परतीच्या गाडीने जायचं असतं. त्यांना पावणेबाराचा स्लॉट देऊन काय उपयोग? म्हणून गावातल्यांना सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी बोलावायचं आणि मधला वेळ एसटीवाल्यांना मोकळा ठेवायचा असं करून बघतेय. यात तंत्रज्ञान म्हणाल तर एसटीचं वेळापत्रक, काउंटरच्या काचेला चिकटवलेलं.

माणदेशी

साखर कारखान्याच्या पट्ट्यात प्रॅक्टिस करतो. वरच्या सगळ्या चर्चेत एक माणूस सुटला: ऊसतोड कामगार. बीडकडून टोळी येते, दिवाळीच्या सुमारास, आणि उन्हाळा लागला की जाते. फोन नंबर मुकादमाचा. टोळीतल्या एखाद्या बाईला गेल्या हंगामात गर्भपिशवीबद्दल कोणी काय सांगितलं, कुठली सोनोग्राफी झाली, काही कळत नाही. माझ्या एक्सेलमध्ये ती दरवर्षी नवी पेशंट.

चौदा आकडी आभा नंबरचा (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर, त्याला नोंदी जोडता येतात) खरा उपयोग इथे व्हायला हवा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ पासून देशभर आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जाऊन टोकन मिळतं, केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. छानच आहे. पण त्यासाठी हातात स्वतःचा स्मार्टफोन लागतो. म्हणून मी अजून या बायकांना प्लास्टिकच्या पाकिटात फाइल देतो आणि सांगतो, कोयत्याबरोबर हीसुद्धा गावी न्यायची. टीबीच्या पेशंटचं मात्र निक्षयवर (टीबीच्या सरकारी पोर्टलवर) नाव घालतोच. ते बंधनकारक आहे, आणि हंगाम संपून तो गावी गेला की तिथल्या केंद्राकडे बदली करता येते. गोळ्या मधेच सुटत नाहीत.

खोडसाळ

@माणदेशी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका राव.

दवाखानावाली

दिवाळीनंतर धागा वर काढतेय, कारण दोघा-तिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं.

कोडग्याची घर-नंबरची युक्ती चालली. कपाटात डोकं घालणं जवळजवळ थांबलं. कितवा नंबर चालू आहे ते कळवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करणार होते, पण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे मोबाईल नंबर दिसतात आणि गावात कोण कुठल्या डॉक्टरकडे जातो ही बातमी असते. म्हणून चॅनेल केलं, त्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. "आता २७ चालू" एवढंच कंपाउंडर टाकतो. फोन पुष्कळ कमी झाले. पूर्ण नाही, काहींना माझा आवाज ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही.

रिपोर्ट आधी काउंटरवर येतात. डॉक्टर "पुढचा" म्हणतात तेव्हा केसपेपरवर शुगर लिहिलेली असते.

यूपीआयचा तो बोलणारा डबा काउंटरवर ठेवला होता, तो काढला. "पाचशे रुपये प्राप्त झाले" असं हॉलभर ओरडायचा, मग पुढचा विचारणार, "त्यांना पाचशे, मला तीनशे कसे?" ईसीजी काढला होता म्हणून! आता फोनवरच मेसेज बघते.

डॉक्टरांच्या टेबलावर अजून काही नाही. ते बोलतात, हाताने लिहितात. तो कागद बाहेर आला की आमची फार्मसी झालेली मुलगी चिठ्ठी टाइप करते, आजार आणि मराठीत "जेवणाआधी / जेवणानंतर" सकट. सही करताना डॉक्टर परत वाचतात, म्हणजे दोन नजरा फिरतात. ओपीडी साडेनऊ-पावणेदहाला आटपते. बाजाराचा दिवस सोडून.

एक अडचण: ती चिठ्ठी आम्ही बिलाच्या छोट्या प्रिंटरवर काढतोय. पेशंट महिन्याने परत आला तर अक्षरं पुसट. रोल खराब आहे का?

औषधवाला

रोल खराब नाही, तो कागदच तसला. थर्मल आहे, उष्णतेने उमटतो आणि उन्हाने, घामाने उडतो. खिशात ठेवलेली चिठ्ठी तर पंधरवड्यात कोरी. बिलाला ठीक, चिठ्ठीला नको. साधा लेझर प्रिंटर घ्या आणि ए-फोरचा अर्धा कागद वापरा. इंकजेट नको, पावसात भिजली की शाई पसरते.

दवाखानावाली

लेझर शाईच्या रिफिलसकट साधारण कितीला पडतो? आणि इन्व्हर्टरवर चालतो का? आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते.

कोडगा

इन्व्हर्टरवर नको, सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो, बाकीचंही बसेल. मॉडेल आणि किमती व्यनि करतो. लाइट गेली की हाताने लिहा, डॉक्टर आहेतच.